रिद्धपूरची भिक्षा, बडनेऱ्याची मंगती

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात मागणाऱ्या हाताकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. महानुभाव संन्याशाचा भिक्षा हा आचारधर्मच आहे. चक्रधरस्वामींनी शिष्यांना चारी वर्णांच्या दारी भिक्षेला पाठवलं. त्यांचे गुरू गोविंदप्रभू याच गावात राहिले. म्हाइंभटाने जमवलेल्या त्यांच्या लीळा वाचल्या तर हा अवलिया कुठल्याच चौकटीत मावत नाही असं दिसतं. कोणाच्याही घरात शिरत, हाताला लागेल ते खात, ज्यांना शिवायचं नाही त्यांना शिवत. मातंगांना पाणी नव्हतं तेव्हा विहिरीची जागा दाखवून दिली, अशीही एक लीळा आहे. आणि गावातली माणसं त्यांना एकाच दमात आई म्हणत नि बापही. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडाला या हाकेत काही वावगं वाटलेलं नव्हतं.

बडनेरा स्टेशन इथून फार लांब नाही. मुंबई-हावडा मार्गावर भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डब्यात टाळी वाजते. निम्मे लोक मोबाइलमध्ये डोळे खुपसतात, काही झोपल्याचं सोंग घेतात, एखादी म्हातारी दहाची नोट देऊन नातवाच्या डोक्यावर हात ठेवून घेते. दिवाळीत अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांमधून दुकानोदुकानी हीच टाळी फिरते. तृतीयपंथीयांच्या भाषेत ही मंगती. घरात मूल जन्मलं, लग्न झालं की मागायची ती बधाई. रिद्धपूरच्या भिक्षेत आणि या मंगतीत हात तसाच पुढे येतो. संन्यासी सगळं सोडून मागतो. ही मागते कारण तिच्यासाठी दुसरं काही ठेवलेलंच नाही. शिवाय रेल्वेत भीक मागायला १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार मनाई आहे, आणि रस्त्यावर मागितलं तर १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहेच.

या मागण्याला इतिहास आहे आणि तो आपण सोयीने विसरलो आहोत. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सरकारी दप्तरांवरून एक निबंध लिहिला. मराठी राज्याच्या काळात दख्खनमधल्या हिजड्यांकडे वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे, चालत आलेले हक्क होते असं त्यातून दिसतं. कुठे इनाम जमीन होती, कुठे गावातल्या घरांकडून पैसा-धान्य गोळा करण्याचा ठरलेला अधिकार होता. बलुतेदाराला सुगीत जसं मिळायचं, तसंच काहीसं. कंपनी सरकारला ते अश्लील वाटलं आणि एकोणिसाव्या शतकात ते हक्क टप्प्याटप्प्याने मोडीत निघाले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भागच हिजड्यांसाठी होता. स्त्रीवेष करून सार्वजनिक ठिकाणी गाणं-नाचणं याला तुरुंगवासाची शिक्षा. आधी तो वायव्य प्रांतासाठी होता, पण नजर सगळीकडे तीच राहिली. शेजारच्या मराठवाड्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात, १९१९ साली याच चालीवर वेगळा कायदा आला. हैदराबादच्या कायद्याच्या पुस्तकात तो इतका काळ पडून होता की तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तेव्हा २०२३ साल उजाडलं होतं.

म्हणजे जे आधी हक्क म्हणून मिळत होतं त्याची आधी भीक झाली, मग गुन्हा झाला. ‘हे लोक काम का करत नाहीत’ हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवर सर्रास विचारला जातो. तो विचारणाऱ्याने एवढा हिशेब लक्षात ठेवावा.

काम मागायला गेलेल्यांचं काय होतं तेही पाहू. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी २०१७ मध्ये दिल्ली आणि उत्तर प्रदेशात सुमारे ९०० तृतीयपंथीयांची पाहणी झाली. त्यातल्या ९२ टक्के लोकांना कुठल्याही आर्थिक व्यवहारात भाग घेण्याचा हक्क नाकारला गेल्याचं आढळलं. शिकलेल्यांनाही नोकरी नाही, आणि मिळाली तर हलक्या पगाराची. ही पाहणी आपल्याकडची नाही. आपल्याकडे काही वेगळं निघेल असं मानायला मात्र मला आधार दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगाच्या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं मोजली गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदारयादीत महाराष्ट्रातले तृतीयपंथी मतदार होते सहा हजारांच्या थोडेसे वर. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलंही धरली आहेत, काहींनी मतदारयादीत स्त्री किंवा पुरुष असंच नाव ठेवलं असेल, हे सगळं गृहीत धरलं तरी मधली दरी मोठी आहे. कागद नाही म्हणजे रेशन नाही, बँकेचं खातं नाही, कर्ज नाही, नोकरीचा अर्ज नाही.

म्हणून तृतीयपंथीयांच्या चळवळीची खरी लढाई मला मोर्च्यांपेक्षा अर्जाच्या छापील रकान्यात झालेली दिसते. तिचा पाया १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घातला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी तृतीय लिंगाला मान्यता दिली, आपलं लिंग आपण ठरवायचं असं सांगितलं, आणि शिक्षण व नोकऱ्यांत सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून आरक्षण द्या असंही बजावलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात आपली बाजू मांडायला उभ्या होत्या. पण दिल्लीतला निकाल तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत आपोआप पोचत नाही. त्याला तिथवर ओढत न्यावं लागलं, आणि ते काम महाराष्ट्रात बऱ्याच अंशी मुंबईबाहेरच्या माणसांनी केलं.

जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट घ्या. अंजली पाटील, गुरूचं नाव लावून अंजली गुरू संजना जान, यांनी ग्रामपंचायत निवडणुकीत सर्वसाधारण महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत तो फेटाळला गेला. कारण एकच : अर्जदार तृतीयपंथी आहे आणि जागा महिलेची. मतदानाला दोन आठवडे राहिले होते. दुसरं कोणी असतं तर नशिबाला बोल लावून गप्प बसलं असतं. अंजली औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ ला न्या. रवींद्र घुगे यांनी निर्णय दिला की, स्वतःचं लिंग ठरवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, त्यांनी स्त्री म्हणून ओळख निवडली आहे, तेव्हा अर्ज स्वीकारला पाहिजे. पुढे कधी सोयीसाठी पुरुष म्हणून लाभ घेणार नाही, अशी हमी त्यांनी न्यायालयाला दिली होती. १५ जानेवारीला मतदान झालं आणि अंजली निवडून आल्या. गावाने मत देताना रकाना पाहिला नाही, काम पाहिलं असणार.

हा निकाल किती मोठा होता हे कळायला थोडं मागे, मध्य प्रदेशातल्या कटनीला जावं लागेल. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी कमला जान नावाची हिजडा तिथे महापौर म्हणून निवडून आली. जागा महिलांसाठी राखीव होती. विरोधक न्यायालयात गेले आणि ही स्त्री नाही, पुरुष आहे, असं ठरवत न्यायालयाने तिची निवड रद्द केली. २००३ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. हजारो कटनीकरांची मतं गेली कचऱ्यात. प्रश्न तोच, उत्तर मात्र अठरा वर्षांनी उलटं आलं. आणि ते एका गावच्या वॉर्डातून आलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना, गावकऱ्यांच्या माउलींना, थेट सरपंच केलं तेव्हा तर कोर्टाचीही गरज पडली नव्हती. आपण शहरातले लोक खेड्याला मागास समजतो, ते जरा तपासून घ्यायला हवं.

पोलीस भरतीची लढाई जास्त चिवट होती, कारण तिथे पगार होता. सत्तेत प्रतीक म्हणून बसवायला व्यवस्था तयार होते, पगारपत्रकावर घ्यायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. २०२२ मध्ये राज्यात अठरा हजारांहून अधिक पोलिसांची भरती निघाली. ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री हे दोनच पर्याय. सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली. न्या. मृदुला भाटकर अध्यक्ष असलेल्या न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवा असा आदेश दिला. सरकारने तो पाळायचा सोडून त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. नियम केलेले नाहीत, शारीरिक चाचणी कशी घ्यायची, अशी कारणं पुढे आली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने डिसेंबरमध्ये सरकारला चांगलंच सुनावलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला आठ वर्षं झाली होती, नियम करायला कोणी अडवलं होतं? मग संकेतस्थळावर रकाना आला, फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत नियम करायचं सरकारने कबूल केलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण पहाटे मैदानावर धावायचा सराव करणाऱ्या मुलीला अर्जाचं पानच पुढे सरकत नसेल तर तिच्या धावण्याला अर्थ उरत नाही. पुढे २०२४ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या विजया वसावे वनरक्षक झाल्या. दार एकदा किलकिलं झालं की माणसं आत शिरतात.

आरक्षणाचा प्रश्न मात्र तिथेच अडला आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत एक टक्का. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये उच्च न्यायालयात सांगितलं की असं आणखी आरक्षण देणं फार अवघड आहे. शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याने हे सांगावं, यावर जास्त काय बोलणार. या मागणीसाठी राज्यभर फिरणाऱ्या माणसांमध्ये फैजपूरच्या शमिभा पाटील आहेत. कवयित्री, अभ्यासू, आणि सभेत बोलायला उभ्या राहिल्या की आकडे आणि कलमं तोंडपाठ. श्रीरामपूरकडच्या दिशा पिंकी शेख याही कवयित्री. या दोघींना राजकारणात जागा दिली ती अकोल्यातून. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने दिशांना प्रवक्ता केलं आणि २०२४ मध्ये रावेर विधानसभेसाठी शमिभांची उमेदवारी पहिल्याच यादीत जाहीर केली. जागा हाती लागली नाही. वंचितच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, प्रस्थापित पक्षांना जे सुचलं नाही ते अकोल्याच्या या पक्षाला सुचलं, हे नोंदवायला हवं.

आता पैशाकडे वळू. तृतीयपंथीयांपैकी अनेकांना आयुष्यातला पहिला पगार कशाबद्दल मिळाला? निरोध वाटण्याबद्दल. एड्स नियंत्रण कार्यक्रमात संस्थांना निधी मिळू लागला, वस्तीत जाऊन बोलायला त्यांच्यातल्याच माणसांची गरज लागली, आणि महिन्याचं मानधन सुरू झालं. मुंबईत मालाड-मालवणीत गौरी सावंत यांची सखी चारचौघी, नागपुरात सारथी ट्रस्ट, अशा संस्था या कामातून उभ्या राहिल्या. पुढे गौरींनी आईविना राहिलेल्या एका मुलीला वाढवलं, जाहिरातीतून ती गोष्ट घरोघरी गेली, २०२३ मध्ये त्यांच्यावर ‘ताली’ ही मालिका आली आणि आपण सगळ्यांनी ती डोळे पुसत पाहिली. नागपूरच्या विद्या कांबळे २०१८ मध्ये लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. हे सगळं खरं आणि चांगलं आहे. पण सरकारला ही माणसं पहिल्यांदा दिसली ती रोगाची वाहक म्हणून, हेही खरं आहे. निधी आटला की मानधनही आटतं. त्याला नोकरी म्हणता येत नाही.

नोकरी दिल्यावर काय होतं, याचा धडा कोचीने दिला. २०१७ मध्ये कोची मेट्रोने वीसेक तृतीयपंथीयांना स्टेशनांवर कामाला घेतलं, देशभर कौतुक झालं. काही दिवसांतच आठजणींनी काम सोडलं. कामाचा कंटाळा आला म्हणून सोडलं नव्हतं; शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना. रोज लॉजचं भाडं भरायचं तर पगार त्यातच संपायचा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये, राजेश पाटील आयुक्त असताना, सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांच्या देखभालीला आणि ग्रीन मार्शल पथकात तृतीयपंथीयांना घेतलं. ते चांगलंच पाऊल होतं. पण असल्या कामांची खरी कसोटी उद्घाटनाच्या फोटोत लागत नाही, तिसऱ्या वर्षी लागते : पगार वेळेवर होतो का, खोली टिकते का, साहेब बदलल्यावर माणूस टिकतो का.

इथे डेऱ्याचं, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घराचं, अर्थशास्त्र समजून घेतलं पाहिजे. घरातून हाकललेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर गुरूकडे येतं. गुरू छप्पर देतो, कमाईतला वाटा घेतो, आजारपणात बघतो, म्हातारपणी चेले गुरूला बघतात. हद्दी ठरलेल्या असतात, त्या ओलांडल्या तर दंड, डेरा सोडला तरी दंड. यात पिळवणूक आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही आणि समाजातल्या तरुण मुली स्वतःच त्याबद्दल बोलू लागल्या आहेत. पण बँक, विमा, पेन्शन आणि माहेर हे चारही तिला एकाच दारात मिळतं. ते सोडून ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर यावी अशी अपेक्षा असेल तर समोरच्या पारड्यात नुसता पगार टाकून भागणार नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी केंद्राने आणलेल्या मूळ विधेयकात त्यांना भीक मागायला लावणं हा गुन्हा ठरवणारी तरतूद होती. डेराच मोडेल आणि पोलिसांच्या हातात आणखी एक दांडा येईल, म्हणून समाजाने कडाडून विरोध केला, आणि २०१९ च्या कायद्यातून ती वगळली गेली. काम द्यायच्या आधी मागणं बंद करायची सरकारची घाई होती. १८७१ मध्ये तरी वेगळं काय केलं होतं?

अमरावती जिल्ह्याकडे मात्र या बाबतीत सांगण्यासारखं काही आहे. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली. कुष्ठरोगी म्हणजे देवळाच्या पायरीवरचा भिकारी, हेच तेव्हा सगळ्यांना माहीत. दाजीसाहेबांनी औषधाबरोबर त्याच्या हातात हत्यार दिलं, शेती दिली, त्याने बनवलेल्या वस्तू विकून दाखवल्या. शेंडगावचे गाडगेबाबा आधी गावाचा रस्ता झाडत आणि मग भाकर घेत. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर टाकलेली अपंग मुलं आपलं नाव देऊन वाढवली, लग्नं लावली, नोकऱ्यांना लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाजूला टाकलेल्या माणसाला भिकेऐवजी काम द्यायचं ही या मातीची जुनी रीत आहे. तिच्यातून तृतीयपंथी तेवढे सुटले.

पण तपोवनाची नक्कल करून चालणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथे वेगळी वसाहत लागली कारण लोक रोगाला भीत होते. तृतीयपंथी असणं हा रोग नाही. त्यांच्यासाठी वेगळी वस्ती, वेगळं कॅफे, वेगळा बचतगट, असं करत गेलो तर तो नवा डेराच होईल, फक्त सरकारी. त्यांना आपल्या नेहमीच्या कामाच्या जागी यायचं आहे : जिनिंगमध्ये, संत्र्याच्या पॅकिंगला, बाजार समितीच्या काट्यावर, शाळेच्या कार्यालयात. त्यासाठी लागतं फार थोडं. एक खोली, एक संडास, ओळखपत्रावर खरं नाव, आणि हाक मारताना टवाळी न करणारा शेजारचा सहकारी.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. २०२३ च्या अखेरीस विधिमंडळाने त्याचा कायदा केला, अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले, वर्ग भरू लागले. जुन्या विद्यापीठांना सगळे अर्ज बदलावे लागतात, इथे ते अजून नवेच आहेत. २०१९ च्या कायद्याचं कलम ११ सांगतं की प्रत्येक आस्थापनेने तृतीयपंथीयांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा. त्याखालच्या २०२० च्या नियमांनी समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. हे विद्यापीठाला लागू आहे, मोर्शीच्या बाजार समितीला, अमरावती-अकोल्याच्या महापालिकांना आणि तुमच्या-माझ्या संस्थेलाही लागू आहे. राज्य सरकारच्या परवानगीची वाट पाहायचं त्यात कारण नाही. विद्यापीठाने सुरुवात करावी : प्रवेशअर्जात तिसरा रकाना, वसतिगृहात जागा, आणि ग्रंथालय, कार्यालय, सुरक्षा, भोजनगृह यांतल्या पदांवर तृतीयपंथी उमेदवारांना उघड आवाहन करणारी जाहिरात, ज्यात तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन छापलेला असेल. आणि या लेखाचे जे वाचक कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत विचारावं : आपला कलम ११ चा अधिकारी कोण आहे?